तिसऱ्या मजल्याचा फेस, तळमजल्याची मोरी

[पडद्यावर: मोरीची फरशी. जाळीतून फेस वर येतोय. आवाज फक्त पाण्याचा.]

सकाळचे सव्वासहा. या घरात अजून कुणाची आंघोळ झालेली नाही. गीझरही लावलेला नाही. तरी मोरीच्या जाळीतून फेस वर येतोय. पांढरा, किंचित निळसर, कपडे धुण्याच्या पावडरीचा वास असलेला.

हा फेस तिसऱ्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनचा आहे.

तळमजल्यावरच्या काकू जाळीवर ओलं पोतं टाकतात, त्यावर फुटक्या पाट्याचा तुकडा ठेवतात. "कोण कुठली पावडर वापरतं ते मला आता वासावरून कळतं," त्या म्हणतात.

[पडद्यावर: इमारत बाहेरून. भिंतीवरून उतरणारे पाइप. आवारात उंबर.]

पुण्यातल्या एका जुन्या पेठेतली ही सोसायटी. तळमजला आणि वर तीन मजले, चाळीस वर्षांचं बांधकाम. आवारात भिंतीला लागून उंबराचं झाड आहे. ते कुणी लावलेलं नाही, पक्ष्यांनी आणलं. या उंबराकडे लक्ष असू द्या.

पाणी तुंबलं की आपण आधी प्लंबरला फोन लावतो. त्याआधी दोन मिनिटं घरातल्या घरात फिरून बघावं. एकच जागा तुंबलीय, की सगळीकडे पाणी रेंगाळतंय? एकटं सिंक तुंबलं असेल तर दोष बहुतेक सिंकच्या खालीच, बॉटल ट्रॅपमध्ये, म्हणजे तिथल्या बाटलीसारख्या भागात असतो. खाली बादली ठेवायची, त्याची खालची वाटी हाताने फिरवून काढायची. आत भाताची शितं, चहाचा चोथा आणि थिजलेलं तूप यांचा जो काही लगदा निघतो तो बघून दोन दिवस तूप खावंसं वाटत नाही, पण काम दहा मिनिटांचं असतं. एकटा संडास तुंबला तर अडथळा भांड्याच्या वळणात असतो, तिथे रबरी पंप पुरतो.

पण संडासात पाणी सोडल्यावर मोरीत गुडगुड झाली, बेसिनचं पाणी सोडलं आणि जाळीतून वर आलं, तर मामला घरातला नाही. सगळ्यांचं पाणी जिथे एकत्र येतं, त्या लाइनमधला आहे.

[पडद्यावर: जाळी काढलेला नहाणी ट्रॅप, जवळून. आत पाण्याची चकती चमकते.]

जाळीखाली हे जे भांडं दिसतंय ते नहाणी ट्रॅप. इंजिनीअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा याचं नाव नहाणी ट्रॅपच आहे. आपल्या न्हाणीनं त्या भाषेत मिळवलेली ही जागा. त्याच्या तळाशी साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं असतं. खालच्या गटाराची हवा आणि तुमचं घर यांच्यामध्ये दार म्हणून एवढंच पाणी आहे. संडासाच्या वळणातही तीच युक्ती. अशा वळणाचं पेटंट 1775 साली अलेक्झांडर कमिंग यांनी घेतलं. धंद्याने ते लंडनमधले घड्याळजी होते.

मे महिन्यात घर बंद करून गावी गेलात, परत आलात आणि दार उघडताच वास आला, तर घाबरू नका. ते पाणी आटलेलं असतं. एक तांब्या ओता, वास जाईल. तांब्या ओतूनही जात नसेल, तर पुढे बघायला हवं.

गुडगुडीचंही एक कारण वर असतं, गच्चीवर. संडासाचा उभा पाइप गच्चीच्या वर उघडा ठेवलेला असतो, लाइनला श्वास घेता यावा म्हणून. त्याच्या तोंडावर जाळीची टोपी असते. या इमारतीत त्या टोपीत पारव्यांनी घरटं केलं होतं, काड्या आणि केबलच्या वायरींचे तुकडे वापरून. हवा वरून मिळेना, म्हणून लाइन ती खालून, ट्रॅपमधून ओढत होती. घरटं काढल्यावर गुडगुड कमी झाली. काकूंच्या मोरीतला फेस मात्र तसाच.

[पडद्यावर: आवार. एका ओळीत चार चेंबर. लोखंडी झाकण पहारीने उचललं जातंय.]

आता चेंबर, म्हणजे जमिनीखालच्या लाइनवरचे हे झाकणाचे हौद, उघडायचे. हे काम इमारतीच्या बाजूने सुरू करून रस्त्याकडे जायचं. झाकण पहारीने बाजूला सरकवायचं आणि मागे व्हायचं. वाकून आत डोकवायचं नाही, बिडी-काडी पेटवायची नाही, पोरांना लांब ठेवायचं.

पहिला चेंबर काठोकाठ भरलेला. दुसराही भरलेला. तिसरा जवळजवळ कोरडा, तळाशी पाण्याची एक बारीक धार.

मिस्त्रींना याहून जास्त काही बघायची गरज नव्हती. भरलेला चेंबर आणि त्याच्यापुढचा रिकामा चेंबर, बूच त्या दोघांच्या मध्ये. चारही भरलेले असते तर अडथळा रस्त्याखालच्या महापालिकेच्या लाइनमध्ये, आणि मग आवारात कितीही खणलं तरी उपयोग नाही. तक्रार तिकडे नोंदवायची. चारही रिकामे आणि तरी घरात तुंबलेलं, तर इमारतीच्या उभ्या पाइपात. झाकण उचलण्याआधीच खणायला घेणारे मिस्त्री आम्ही पाहिलेत. त्यांना फुटावर पैसे मिळतात.

[पडद्यावर: कामट्या जोडून पाइपात सरकवल्या जाताहेत. हात, मनगटापर्यंत रबरी मोजे.]

बांबूच्या कामट्या एकीला एक बांधून आत घातल्या. साडेसात मीटरवर अडल्या. ढकललं की स्प्रिंगसारख्या परत येत होत्या. मिस्त्री म्हणाले, "कचरा असता तर खुपसली असती. हे जिवंत आहे."

मग कॅमेरा सोडला.

[पडद्यावर: पाइपातलं चित्रण. गोल, ओला, तपकिरी बोगदा. दर थोड्या अंतराने एक रेघ.]

या रेघा म्हणजे जोड. चाळीस वर्षांपूर्वी अशा लाइनी स्टोनवेअरच्या असत, भाजलेल्या मातीच्या, वर काचेसारखी चकाकी असलेल्या. माल उत्तम. मैला, साबण, आम्ल, कशानेही झिजत नाही. पण एक नळी साधारण 60 सेंटिमीटरची. दोन चेंबरमधलं अंतर 12 मीटर, म्हणजे वीस नळ्या. मधले जोड एकोणीस, शिवाय दोन टोकं. प्रत्येक जोडात सुतळी ठोकून वर सिमेंट भरलेलं. खालची माती जरा बसली, वरून पाण्याचा टँकर गेला, की नळी शाबूत राहते आणि सिमेंटला केसाएवढी चीर जाते. त्या चिरेतून बाहेरच्या मातीत ओल जाते. आणि ओल कुठे आहे, हे उंबराच्या मुळाइतकं कुणाला कळत नाही.

[पडद्यावर: तेच चित्रण. कॅमेरा थांबतो. समोर तांबूस तंतूंचा पडदा, पाण्यात हलणारा.]

हे ते. आत शिरताना दोऱ्याएवढं होतं. आत आल्यावर पाणी, खत, अंधार. त्याला आणखी काय हवं? या दाढीत मग सगळं अडकत गेलं. केस, सॅनिटरी पॅड, आणि ते ओले रुमाल, ज्यांच्या पाकिटावर फ्लश करता येतात असं छापलेलं असतं. पाण्याबरोबर ते जातात खरे, पण विरघळत नाहीत. त्यावर बारा स्वयंपाकघरांचं तेल बसलं.

यंत्राने मुळं कापून बाहेर ओढली तेव्हा हातभर लांबीचा झुबका निघाला. ओल्या केरसुणीसारखा. कुणीतरी म्हणालं, याला दृष्ट काढल्यासारखं जाळा.

त्याआधी वर्षभर इथे काय काय झालं होतं, तेही सांगायला हवं. प्रत्येक घराने आपापल्या परीने बाटल्या ओतल्या होत्या. मुळांवर त्याचा परिणाम शून्य. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की उकळल्यागत तापतो आणि वर उडतो. संडास धुण्याचं अॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन सुटतो. बंद संडासात तो छातीत बसायला मिनिटही लागत नाही. आणि बाटली ओतूनही मोरी तुंबलेलीच राहिली, तर दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात प्लंबर हात घालतो, आत काय ओतलंय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

[पडद्यावर: सोसायटीची सभा. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचे कागदी कप.]

मुळं कापली, लाइन वाहू लागली. इथे बहुतेक सोसायट्या थांबतात. मुळं मात्र पुन्हा येतात, चीर तिथेच असते. नळ्या बदलायच्या तर खर्च, म्हणून सभा.

सभेत तिसरा मजला म्हणाला, आमच्याकडे तर काही तुंबत नाही.

खरंच आहे ते. तिसऱ्या मजल्यावर कधीच तुंबणार नाही. पाणी वर चढायच्या आधी काकूंच्या मोरीतून बाहेर पडतं. पण सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ड्रेनेज लाइनची दुरुस्ती संस्थेच्या खर्चात येते. घरातल्या सिंक-संडासाची ज्याची त्याची. चिटणीसांनी ते वाचून दाखवलं. दोन तास लागले, पण ठराव झाला.

त्याच सभेत एक सूचना आली होती: माणूस उतरवून आतून साफ करून घेऊ, स्वस्तात होईल. असा माणूस मिळतोही. मिळतो म्हणूनच मरतो. गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की वास येणंच बंद होतं, कारण नाक बधिर होतं. उतरलेल्याला वाटतं, हवा बरी आहे. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच पडतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, त्याला कैद होऊ शकते. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. सूचना मागे घेतली गेली. इतिवृत्तात तिची नोंद नाही.

[पडद्यावर: खोदकाम. उघडी पडलेली जुनी लाइन, एका ठिकाणी खचलेली.]

खणल्यावर दिसलं की लाइन मधोमध बसली होती. बाहेरून आधीच कळायला हवं होतं. बरोबर त्याच जागी आवारातले पेव्हिंग ब्लॉक खड्ड्यात गेले होते आणि भर उन्हाळ्यात फटींतून हिरवं गवत होतं. सगळे तिथून दोन वर्षं जात-येत होते. हात-दीड हात अंतरावर पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी. सुदैवाने टाकीला चीर नव्हती. नाहीतर काविळीपर्यंत किंवा विषमज्वरापर्यंत गोष्ट गेली असती. सकाळच्या पहिल्या पाण्याला वास आला किंवा रंग दिसला, तर चेंबर आणि टाकी यांच्यातलं अंतर एकदा जाऊन बघावं.

नवी लाइन पीव्हीसीची, सहा इंची. 6 मीटरच्या दोन नळ्या, मध्ये रबरी रिंगचा एक जोड.

जोड कमी झाले, तरी लाइनचा जीव उतारात असतो. चार इंची पाइपाला चाळीसास एक, सहा इंचीला साठास एक. म्हणजे या 12 मीटरांत वीस सेंटिमीटर. डोळ्याला तो दिसतही नाही.

[पडद्यावर: पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन टोकांना दोन माणसं.]

त्यासाठी ही लेव्हल ट्यूब. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच राहते, तिथून खाली मोजायचं. लेझरची यंत्रं आली आहेत, पण मिस्त्री या नळीवरच विसंबतात. खाली वाळूची गादी, दगड एकही नाही, कारण दगडावर टेकलेला पाइप पुढे तिथेच तडकतो. मग खालचं टोक बंद करून वरून पाणी भरलं आणि अर्धा तास सगळे नुसते जोडाकडे बघत बसले. थेंब नाही. त्यानंतरच माती.

चेंबरचा तळ मात्र मिस्त्रींनी सपाट केला होता, सवयीने. तो फोडून घ्यावा लागला. तळाशी पाइपाच्याच रुंदीची अर्धगोल नाळ हवी आणि दोन्ही बाजूंना तिच्याकडे उतरता गिलावा. सपाट तळावर मैला पसरतो, बसतो, आणि सहा महिन्यांत पुन्हा कामट्या. थोडी नाराजी झाली. चहा झाला. नाळ झाली.

गच्चीच्या पावसाचा पाइप कधीतरी याच चेंबरमध्ये सोडलेला होता. तो तोडून पावसाळी गटाराकडे वळवला. जुलैतल्या एका जोरदार सरीत गच्चीवरून जेवढं पाणी येतं, तेवढं पेलायला ही सहा इंची लाइन नाही. दर पावसाळ्यात चेंबरची झाकणं तरंगायची ती यामुळे.

एक गोष्ट राहिली, जी दुरुस्त झाली नाही. फेस काकूंच्याच मोरीत का यायचा, बाहेरच्या गली ट्रॅपमधून, म्हणजे मोरीचं पाणी लाइनला मिळण्याआधी आवारात जिथे पडतं त्या जाळीच्या खड्ड्यातून, का नाही? कारण चाळीस वर्षांत आवारात तीनदा कोबा घातला गेला, जुना न काढता. दर वेळी आवार काही इंच वर आलं, आणि काकूंचं घर जागच्या जागी खाली गेलं. जोत्याला तीन पायऱ्या होत्या. आता एक उरलीय. म्हणजे पुन्हा कधी तुंबलं, तर पाणी आधी त्यांच्याकडेच येणार. आवार खणून खाली न्यायचा विषय पुढच्या सभेत आहे.

[पडद्यावर: सकाळ. काकूंची मोरी. वरून मशीनचं पाणी सुटल्याचा आवाज, पाइपातून खाली उतरणारा.]

सकाळचे सव्वासहा. तिसऱ्या मजल्यावर मशीन लागलंय. पाणी भिंतीतून खाली येतं, पायाखालून जातं, दूर जाऊन थांबतं. मोरी कोरडी आहे.

पोतं धुऊन वाळत घातलंय. पाट्याचा तुकडा मात्र जाळीशेजारीच आहे.

"राहू दे," काकू म्हणतात. "एक पावसाळा जाऊ दे."