डाव्या नाकपुडीचा बारावा दिवस

(रात्र. औषधाचं दुकान. शटर अर्धं खाली.)

"नाकातले ड्रॉप्स द्या." एवढं म्हटलं की पुरतं, चिठ्ठी कुणी मागत नाही. दहा मिलिलिटरची बाटली हातात पडते. खोकं काउंटरवरच राहतं आणि त्यातला बारीक अक्षरांचा कागदही. पायरी उतरायच्या आत पहिला फवारा.

(जवळून चेहरा. निवेदन नाही.)

(दुर्बिणीचा पडदा.)

आता नाकाच्या आत जाऊया. पुण्यातल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या दवाखान्यात हे चित्रीकरण केलं. भिंतीला लागून ही फुगलेली गुलाबी घडी दिसते, तिला टर्बिनेट म्हणतात. तिच्या आत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. सर्दीत नाक शेंबडाने भरतं असं आपण धरून चालतो, पण वाट अडवते ती मुख्यतः रक्ताने फुगलेली ही घडी. म्हणून तर कितीही शिंकरलं तरी नाक मोकळं होत नाही. निरोगी नाकातही काही तासांनी एका बाजूची सूज ओसरते आणि दुसऱ्या बाजूला चढते. आपल्याकडे त्याला स्वर बदलणं म्हणतात. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी 1895 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

आता फवारा. ऑक्सिमेटाझोलिन, 0.05 टक्के. पुढचं दृश्य आम्ही वेगवान केलेलं नाही, कापलेलंही नाही.

(दृश्य चालू. फक्त श्वासाचा आवाज.)

रक्तवाहिन्या आवळल्या, घडी बसली, मागची वाट उघडली. या औषधाला मी वाईट म्हणणार नाही. रात्रभर तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडलेल्या माणसाला ते झोप देतं. मला बोलायचं आहे ते दिवसांच्या मोजणीबद्दल.

(दवाखान्याचं कपाट. काचेची जुनी बाटली, रबरी ड्रॉपर.)

नाक मोकळं करणारी ही औषधं बरीच जुनी आहेत. जपानी रसायनतज्ज्ञ नागाई नागायोशी यांनी 1885 मध्ये माहुआंग या वनस्पतीतून इफेड्रिन वेगळं केलं. पुढे तेच थेंबांच्या रूपाने नाकात जाऊ लागलं. मग प्रयोगशाळेत घडवलेली औषधं आली. आज ज्याचा फवारा पाहिला ते ऑक्सिमेटाझोलिन 1961 मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट इथे, मर्क कंपनीत तयार झालं. एकदा मारलं की दहा-बारा तास निभावतात. पण त्याच्या पंधरा वर्षं आधी, 1946 मध्येच, अशा थेंबांनी होणाऱ्या दुखण्याला वैद्यकात नाव मिळालं होतं: ऱ्हायनायटिस मेडिकामेंटोझा. औषधानेच आलेली नाकाची सूज.

(दुर्बिणीचा पडदा. दुसरं नाक.)

ती ही. रंग बघा, लालभडक. हे नाक मघाशी दुकानाची पायरी उतरलेल्या रिक्षावाल्या काकांचं. चार महिने रोज फवारा. रोज आवळल्या जाणाऱ्या रक्तवाहिन्या हळूहळू औषधाला दाद देईनाशा होतात. असर उतरला की आधीपेक्षा जास्त फुगतात. माणसाला वाटतं सर्दी वाढली, म्हणून तो पुन्हा फवारतो. दोनाचे चार, चाराचे सहा. काका म्हणतात, त्यांना कुणीतरी नाकाचं हाड वाढलंय असं सांगितलं होतं. डॉक्टरांनी तपासलं. हाड जागेवर आहे.

(रिक्षास्टँड. मागे पांढऱ्या फुलांचं रान.)

सुरुवात कुठून झाली असेल? स्टँडमागचं हे गाजरगवत. भारतात त्याची पहिली नोंद पुण्यातच, 1955 च्या सुमारास झाली. त्याच्या परागांनी अनेकांना शिंका आणि नाक चोंदण्याचा त्रास होतो. सर्दी आठवड्याभरात जाते, गवताचा मोसम महिनोन्‌महिने चालतो. जास्तीत जास्त तीन दिवस वापरायचं हे औषध तिथे पुरणारच नाही. ॲलर्जीसाठी डॉक्टर देतात तो स्टेरॉइडचा फवारा वेगळा. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात आणि तो असा उलटत नाही.

(दवाखाना. सिस्टरांचे हात, जवळून.)

सिस्टर फवारा कसा मारायचा ते दाखवताहेत. आधी नाक शिंकरून घ्यायचं. मान सरळ, मागे टाकायची नाही, नाहीतर औषध थेट घशात उतरतं. आता हात बघा: डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजव्या नाकपुडीला डावा. असं धरलं की नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं आणि मधल्या पडद्यावर मारा होत नाही. पडदा नाजूक असतो, घोळणा फुटतो तो बहुतेक तिथूनच. दाबताना हलकेच श्वास घ्यायचा, जोरात ओढायचा नाही. टोक पुसून टोपण लावायचं. एका माणसाची बाटली दुसऱ्याने वापरायची नाही, नवरा-बायकोनेही नाही. दिवसातून दोनदा, तेही सलग तीनच दिवस. चौथ्या दिवशीही नाक बंद असेल तर दुसरी बाटली आणायची नाही, डॉक्टर गाठायचे.

रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, थायरॉइड किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, तर आधी विचारूनच घ्यायचं. मुलांची बाटली निम्म्या ताकदीची असते, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तीही नको. बाटली त्यांच्या हाताला लागू देऊ नका: एक-दोन मिलिलिटर पोटात गेलं तरी लहान मूल गुंगीत जाऊ शकतं, श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 मध्ये हा इशारा दिला, तेव्हा त्यांच्यापुढे अशी 96 प्रकरणं होती.

(पुन्हा दुकान. काउंटरवर मार्कर पेन.)

या दुकानदारांनी आमच्या सांगण्यावरून एक गोष्ट सुरू केली आहे. बाटली देताना झाकणावर त्या दिवसाची तारीख लिहायची.

(रिक्षा. पहाट.)

डॉक्टरांनी काकांना एकेक नाकपुडी सोडवायला सांगितलं. आधी डावीचा फवारा पूर्ण बंद, तिथे फक्त मिठाच्या पाण्याचा स्प्रे आणि त्यांनी लिहून दिलेलं औषध. पहिले काही दिवस ती बाजू घट्ट बंद होती. काका बसून झोपायचे.

आज डावीचा बारावा दिवस. उजवी अजून बाकी आहे.

(काका रिक्षा पुसताहेत. तोंड मिटलेलं. श्वासाचा आवाज.)