फिल्टरच्या अलीकडे, पलीकडे

चोपडा तालुका. पहाटेचे सहा. केळीच्या बागेत मोटार सुरू झालीय आणि बागवान ठिबकच्या फिल्टरपाशी वाकून उभा आहे. फिल्टरला दाब दाखवणारे दोन गेज. एक पाणी आत शिरतं तिथे, दुसरं बाहेर पडतं तिथे. पहिला काटा वर अन् दुसरा खाली, म्हणजे फिल्टर चोंदला. दोन्ही काटे वर, म्हणजे पुढे कुठेतरी व्हॉल्व्ह बंद. इथल्या शाळकरी पोरालाही हे कळतं.

घरी ओट्यावर त्याची आई बसलीय. "माले दम लागस," एवढंच म्हणते. उशाखाली आणखी एक उशी घेतल्याशिवाय झोप नाही. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. हृदय कमजोर आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण आता इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर नवं नाव आलंय: पल्मोनरी हायपरटेन्शन.

दंडाला पट्टा बांधून मोजतात, तो हा बीपी नव्हे. हा फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतला दाब. त्याची सरासरी पाऱ्याच्या 20 मिलिमीटरच्या वर गेली की हे नाव लागतं. पूर्वी ही रेघ 25 वर होती. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती खाली आणली.

इको मात्र अंदाज देतो. उजव्या बाजूच्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला 2.8 मीटरच्या वर गेला, तर शंका घ्यायची. केवळ त्या आकड्यावर फुफ्फुसाच्या वाहिन्या रुंद करणारी गोळी सुरू झालेली पाहिली की जीव तुटतो.

खरं मोजमाप कॅथलॅबमध्ये, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून तपासतात त्या खोलीत. मानेतल्या किंवा मांडीतल्या शिरेतून बारीक नळी उजव्या हृदयातून धमनीत जाते. टोकाला बोराएवढा फुगा. तो रक्ताबरोबर वाहत एका फांदीत अडकतो आणि पलीकडचा, म्हणजे डाव्या हृदयाकडचा, दाब कळतो. धमनीतला सरासरी दाब हा पहिला काटा, आणि हा दुसरा.

तो 15 च्या वर असेल, तर रक्त डाव्या हृदयापाशी तुंबलंय. मग दोन काट्यांमधला फरक घ्यायचा आणि मिनिटाला वाहणाऱ्या रक्ताच्या लिटरांनी भागायचा. समजा अलीकडे 32, पलीकडे 25, रक्त 4 लिटर. उत्तर 1.75. दोनपर्यंत असेल, तर नुसतं तुंबणं. दुसऱ्या पेशंटचं अलीकडे 45, बाकी सगळं तेच. उत्तर 5. इथे फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्याही आकसल्यात, दुखणं दुहेरी.

नुसत्या तुंबण्यात लघवीवाटे पाणी काढणारी औषधं, हृदयाची औषधं, झडपेचा इलाज. तिथे फुफ्फुसाच्या वाहिन्या रुंद करणारी गोळी दिली, तर आधीच दमलेल्या डाव्या हृदयावर आणखी रक्त लोटलं जातं. चुलीचा धूर आणि नंदुरबारकडचा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही हा दाब वाढवतात, म्हणून तेही विचारावंच लागतं.

दुपारी कॅथलॅबचं दार उघडतं. बागवान फाईल छातीशी धरून पुढे होतो.

"डॉक्टरसाहेब, पलीकडचा काटा किती आला?"