गवळाऊ: दुधाची आणि जुवाची

[रेंगीला, म्हणजे हलक्या बैलगाडीला, जुंपलेली पांढरी जोडी, काटोलकडचा कच्चा रस्ता]

कासरा ढिला आहे. तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोचणी, गाडीवानाच्या हातात आहे खरी, पण ती उचलायची वेळच येत नाही. गवळाऊ या देशी जातीच्या बैलांची जोडी दुडकी धरते ती अशी. अंग हलकं, पाय लांब. नागपूरकर भोसल्यांच्या काळी फौजेचं सामान डोंगराळ मुलखातून लवकर हलवायला हेच बैल लागत, आणि यांची चाल तिथंच घडली, असं सांगतात.

वर्ध्याचे आर्वी, आष्टी, कारंजा हे तालुके, आपला नागपूर जिल्हा आणि पलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, हा यांचा मुलूख.

[गाईचा चेहरा, जवळून, मग वळू]

लांबट, अरुंद तोंड. बदामी डोळे. शिंगं आखूड. गाय पांढरी, वळूच्या मानेवर आणि वशिंडावर मात्र राखाडी झाक. आंध्रातल्या ओंगोल जातीशी तोंडवळा जुळतो, पण ओंगोल अंगानं भारी, ही सडपातळ.

[धार काढताना]

आधी वासरू सोडायचं. त्यानं कासेला चार ढुसण्या दिल्या की गाय पान्हा सोडते. मग त्याला ओढून तिच्या तोंडाशी बांधायचं. ती त्याला चाटत राहते, तेवढ्यात धार आटपायची. वासरू नजरेआड केलं तर दूध चोरते. शेवटी थोडं दूध कासेत ठेवून वासराला पुन्हा सोडायचं. संकरित गाय यातलं काही मागत नाही, हे कबूल. पण इथं वासराचं पोट भरणं हा व्यवहाराचाच भाग आहे, कारण आज ढुसण्या देणारा हा गोऱ्हा तीनेक वर्षांनी जुवाखाली उभा राहणार असतो.

एका वेताला दूध सरासरी ६०० किलोच्या आसपास. डेअरीच्या काट्यावर ही गाय हरते. त्या काट्यावर जोडी मात्र कधी चढत नाही.

[कपाशीत डवरणी]

आणि जोडी काय करते, ते हे बघा. पावसानं उघडीप दिलीय, काळी जमीन अजून ओली. ट्रॅक्टर घातला तर चाक रुतेल आणि पीकही तुडवलं जाईल. बैल पिकाच्या दोन ओळींच्या मधून डवरा, म्हणजे तण काढायचं औत, ओढत सरळ निघून जातात. खुराक म्हणाल तर तुरीचं कुटार म्हणजे भुसा, कडबा, जमलं तर थोडी सरकीची ढेप. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी गोठ्यात पंखा लावावा लागत नाही.

[पशुपालक बोलतो, ४० सेकंद]

[नायट्रोजनचं कंटेनर, वाफ]

जात टिकवायची तर वळू निवडून घ्यावा लागतो. त्याच्या आईचं दूध बघायचं, त्याची स्वतःची चाल बघायची, दोन्ही हवं. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला शासनाचं पैदास केंद्र आहे. वर्ध्यातच १९४१ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेनं जमनालाल बजाजांनी गोसेवा संघ उभा केला होता. आता वळूचं वीर्य कांडीत भरून उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये ठेवतात. डॉक्टर कांडी काढतात, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरतात आणि लगेच गाईच्या गर्भाशयात सोडतात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. वेळ चुकली की वीस-एकवीस दिवस थांबणं आलं.

[तान्हा पोळा, नागपूरचा रस्ता, लाकडी नंदी]

शहराला बैल आठवतो तो या दिवशी. पोरांच्या नंदीला ना कुटार लागतं, ना गोठा.

[बाजार, दावणीला गोऱ्हे]

ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्यांना गिऱ्हाईक घटलं, २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि थकलेलं जनावर पोसायचा खर्च मालकाच्याच अंगावर पडतो.

[दवाखान्याबाहेर गाय, कानात पिवळा बिल्ला]

गाय माजावर आली की दवाखान्यात नुसतं ‘कांडी भरा’ म्हणू नका. गवळाऊचीच मागा. कांडीवर वळूचा क्रमांक आणि जात छापलेली असते. भरण्याआधी वाचून घ्या, आणि गाईच्या कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासमोर नोंद करायला लावा. त्या दिवशी कांडी नसेल तर जर्सी भरून मोकळं होऊ नका, पुढच्या माजाची तारीख लिहून ठेवा.