साखळीतली एक कडी

(दृश्य: मोकळं मैदान, मधोमध खांब, खांबाभोवती लोंबणाऱ्या साखळ्या. एक डिस्क येऊन त्यांत शिरते.)

हा खणखणाट नीट ऐका. याच्याचसाठी डिस्क गोल्फ खेळणारी माणसं उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालतात.

फ्रिस्बीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायची, असा हा खेळ. सुरुवातीला त्यात बास्केटच नव्हती. झाड, दिव्याचा खांब, जे दिसेल ते लक्ष्य. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एड हेड्रिक यांनी खांबाला साखळ्या टांगल्या आणि खाली जाळीची टोपली बसवली. साखळी डिस्कचा वेग गिळते आणि तिला टोपलीत सोडते.

(दृश्य: लांब पल्ल्याची फेक.)

शंभर मीटरची फेक बघायला सगळे थांबतात. पण गुणांच्या कागदावर तिचाही एकच आकडा पडतो आणि चार मीटरवरून हुकलेल्या पुटचाही, म्हणजे बास्केटमध्ये टाकायला जवळून केलेल्या फेकीचाही, एकच. पुट सुधारला की खेळ सुधारतो, असं मी म्हणतो ते याच हिशोबाने.

बास्केटपासून १० मीटरच्या आत नियमही बदलतो. डिस्क सोडल्यावर तोल सावरलाय हे दिसलं पाहिजे, मगच पुढे पाऊल. उडी मारून किंवा पुढे झोक जाऊन ताकद आणायची सोय इथे नाही. मग ती येते पायांतून. वजन मागच्या पायावर घ्यायचं, तिथून पुढच्या पायावर सरकवायचं आणि हात त्या लयीत आपोआप निघू द्यायचा. पाय झोपलेले असले की सगळा भार खांद्यावर येतो, आणि खांदा दर वेळी वेगळं वागतो.

(दृश्य: हात, अगदी जवळून.)

आता बोटं बघा. अंगठा वर, चार बोटं डिस्कच्या खाली, किंचित फाकलेली. हात सरळ होतो, मनगट सुटतं आणि शेवटच्या क्षणी बोटं उघडतात. डिस्क गेल्यावर ती बोटं कुठे रोखलेली आहेत? साखळीकडे असतील तर डिस्कही बहुतेक तिकडेच गेलेली असते. डावी-उजवीकडची बरीचशी चूक इथे, या बोटांत सापडते.

वर-खालची चूक डिस्कच्या पुढच्या कडेत असते. ती कड वर उचललेली राहिली की डिस्क हवेत चढते, रेंगाळते आणि अलीकडेच पडते. समोरून वारा असेल तर तोच वारा तिला उचलून बास्केटवरून पलीकडे नेतो. पाठीमागून वारा आला की उलटं, डिस्क दाबली जाते. तेव्हा नेम थोडा वर धरायचा.

मनगटाच्या झटक्याने सरळ रेषेत जाणारा तो स्पिन पुट. वाऱ्यात टिकतो, पण हुकला तर लांब जातो. फिरकी कमी ठेवून अलगद, कमानीत ढकललेला तो पुश पुट. हुकला तरी जवळ पडतो. दोन्ही चांगले. मात्र एक निवडा आणि काही महिने त्याला धरून राहा. दर आठवड्याला पद्धत बदलणाऱ्याचा हात काहीच शिकत नाही.

(दृश्य: गवतावर एकसारख्या दहा डिस्क.)

सरावाला बहुतेक जण थेट बारा मीटरवर उभे राहतात आणि तासभर हुकत राहतात. मला हे बघवत नाही. तासभर हुकणं म्हणजे तासभर हुकायचाच सराव. तीन-चार मीटरवर या. दहातले नऊ पडू लागले की एक पाऊल मागे. मग सात पडत असतील तर पुन्हा एक पाऊल पुढे, त्यात कमीपणा नाही.

हात बसला की ढीग बाजूला ठेवा. सामन्यात एका जागेवरून दहा डिस्क कोणी देत नाही. एकच डिस्क घ्या, पुट मारा, चालत जाऊन आणा आणि नव्या जागी उभे राहा. दर वेळी तोच श्वास, तीच पकड.

(दृश्य: खेळाडूच्या नजरेतून बास्केट.)

आणि नजर. पूर्ण बास्केटकडे बघू नका, एक कडी निवडा. उजव्या हाताने नेहमीची बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन केलेली) फेक करणाऱ्याची डिस्क शेवटी डावीकडे वळते, म्हणून ती कडी खांबाच्या जरा उजवीकडची. डिस्क हातातून सुटेपर्यंत डोळे तिथून हलवायचे नाहीत.

(दृश्य: कडी ठळक, बाकी सगळं धूसर. हात पुढे येतो. साखळीचा आवाज.)