ओठ उचलून पाहा

आशाताई, अंगणवाडीताई आणि सिस्टर, आज बोलायचं ते दात किडण्याआधीच्या दिवसांबद्दल.

गोवर-रुबेलाची पहिली लस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी 16 ते 24 महिन्यांत. वरचे पुढचे दात साधारण 8 ते 12 महिन्यांत येतात. कीड लागते ती याच काळात, आणि याच काळात बाळ तुमच्यासमोर दोनदा येतं. वजन होतं, टोचलं जातं, तोंड मात्र कुणी बघत नाही. गावात दंतवैद्य नाही ही अडचण खरीच, पण पहिली संधी हुकते ती इथे.

आईने आणि तुम्ही गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसायचं. बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर. मग हळूच मागे कलंडवून त्याचं डोकं तुमच्या मांडीत घ्यायचं. बाळाला आई दिसते, आईला दात. वरचा ओठ उचला आणि दात स्वच्छ कापडाने कोरडे करा, कारण ओल्या दातावर सुरुवातीची कीड दिसत नाही. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ, हीच ती. खालचे दात बघून फसू नका. जीभ आणि लाळ त्यांना जपते. पांढरी रेघ फ्लोराइडने थोपवता येते, भरूनही येते. तपकिरी खड्डा पडला की मग दात भरून येत नाही.

'दुधाचे दात, पडणारच' असं आई म्हणेल. मागच्या दुधाच्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत टिकायच्या असतात, हे तिला सांगा.

पहिला दात दिसला की घासायचं. 3 वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे 6 वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. वेगळी महागडी पेस्ट नको. घरातली 1000 पीपीएम (फ्लोराइडचं प्रमाण) असलेली चालते. ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय ना, तेवढं बघा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे पेस्ट गिळली जाऊ नये याकडे विशेष लक्ष हवं. रात्रीचं घासणं कधी चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते, म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून निजलेल्या बाळाचे दात झपाट्याने जातात.

आता आईकडे. गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं, म्हणून ती ब्रश सोडते आणि दुखणं वाढतं. उलटी झाल्यावर लगेच घासू नये. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरावी, अर्ध्या तासाने घासावं. दातावरचे उपचार चौथ्या ते सहाव्या महिन्यात सोयीचे, पण ठणका किंवा सूज असेल तर कुठल्याही महिन्यात पाठवा. आणि मिश्री. 'लावता का?' विचारलंत तर 'नाही' येईल. 'दिवसातून किती वेळा?' असं विचारा. ती दात घासायची पूड नाही, भाजलेला तंबाखू आहे. बाळाचं वजन त्याने घटतं. एकदम सुटत नाही, तेव्हा रागावू नका, आधी वेळा कमी करायला लावा.

सगळ्यात मागे राहतात ती ऊसतोड कुटुंबांची मुलं. आई पहाटे फडात जाते, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, मुलाला चहा-बिस्किट. त्यांच्यासाठी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दात कोरडा करून दंतवैद्य एक थेंब लावतात. सुई नाही, कोरणं नाही, कीड बहुतेकदा थांबते. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो. हे आधी न सांगितल्यामुळे आया दुसऱ्यांदा येत नाहीत. ते सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं असतं, आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. म्हणून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी पथकाला ऑक्टोबरमध्ये, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी बोलवा. पथक तपासून ग्रामीण रुग्णालयात पाठवतं. त्या फेरीत आईची मजुरी बुडते, तेव्हा एका गावची मुलं एकाच दिवशी न्या. दुसरी तारीख टोळ्या परतल्यावरची, एप्रिल-मेची. ती कार्डावर तेव्हाच लिहून द्या.