साडेपाच हजारांची ऑप्टिकल वायर घ्यायची का?

नमस्कार मंडळी. सोयाबीनचे पैसे हातात आले की आमच्या लातूर भागात टीव्ही, साउंडबार, होम थिएटरची खरेदी निघते, आणि मग माझ्याकडे एकच प्रश्न येतो. नांदेडहून, परभणीहून, परवा अंबाजोगाईच्या एका ताईंचाही आला: "दादा, दुकानदार म्हणायलाय, भारीतली वायर घेतली तर आवाज खुलतो. घेऊ का?"

नका घेऊ. आता का ते सांगतो.

डिजिटल वायरी तुम्हाला माहीत आहेत. ऑप्टिकल म्हणजे लाल उजेडवाली, कोॲक्सियल म्हणजे एका पिनची, शिवाय एचडीएमआय आणि यूएसबी. ऑप्टिकल 1983 मध्ये तोशिबानं आणली, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. एवढं पुरे.

[ऑप्टिकल वायरीचं टोक कॅमेऱ्याजवळ धरून]

हे टोक बघा. आत साधारण एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा दोरा आहे. दुसरं टोक टीव्हीत आहे, म्हणून इथं लाल ठिपका दिसतोय. या दोऱ्यातून गाणं जात नाही, आकडे जातात. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला 44,100 मोजमापं, प्रत्येक मोजमाप 16 बिटांचं, डावा-उजवा धरून सेकंदाला 14,11,200 शून्य आणि एक. पलीकडच्या अ‍ॅम्पला एवढंच ओळखायचंय की उजेड आहे की नाही. थोडा मंद असला तरी उजेड तो उजेडच. आता मला सांगा, बेस वाढवायचा असेल तर या दोऱ्याला दर सेकंदाला हजारो आकडे अचूक हिशेबानं बदलावे लागतील. कसे बदलणार?

पटत नसेल तर दुसरीकडून सांगतो. आडतीवर माल घातला की पट्टीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. रेंज नसली तर फोटो उशिरा येतो, गोल गोल फिरत राहतो. पण रेंज चांगली आहे म्हणून 4,200 चा भाव 4,500 होऊन येतो का? नाही. जे पाठवलं तेच येतं, नाहीतर येतच नाही. वायरीचंही तेच. फरक एकच, की फोटो पुन्हा मागवता येतो. चालू गाण्याला थांबायला वेळ नसतो, म्हणून आकडे हरवले तर ते कानाला कळतं.

कसं कळतं? हेच तिसऱ्या बाजूनं बघा, कारण सगळ्यात जास्त चुकीचं याच्याबद्दल सांगितलं जातं. डिजिटल वायर खराब असली की आवाज मध्येच गप्प होतो, टक् टक् वाजतं, तुटतो. एचडीएमआय असेल तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, नाहीतर पडदा काळा होऊन परत येतो. "आवाज जरा कोरडा वाटतो", "गळ्यातला गोडवा गेला" असं डिजिटल वायरीमुळं होत नाही. तुमचं गाणं न तुटता वाजतंय ना? मग वायरीनं तिचं काम पूर्ण केलंय. त्यापुढं तिच्या हातात काही नाही.

आता माझ्या मामांची गोष्ट. मामा परभणीला असतात, भजनाचे दर्दी. टीव्हीतून अ‍ॅम्पला लाल-पांढऱ्या पिनांची वायर होती आणि आवाजाखाली सारखी घों घों चालायची. दुकानदारानं साडेपाच हजारांची ऑप्टिकल वायर दिली. घों घों त्याच दिवशी बंद! मामांचा विश्वास बसणारच, कोणाचाही बसेल. दिवाळीला गेलो तेव्हा मी ती काढून माझी तीनशे रुपयांची लावली. मामा डोळे मिटून ऐकत होते. घों घों आली नाही. एक अभंग पूर्ण झाला, तरी आली नाही.

कारण असं. टीव्ही एका बोर्डावर, अ‍ॅम्प दुसऱ्या बोर्डावर, वरून डिशची वायर घरात आलेली, अर्थिंगचा पत्ता नाही. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक पडला की जोडवायरीतून करंट फिरतो आणि विजेचा 50 हर्ट्झचा आवाज गाण्यात मिसळतो. ऑप्टिकलमधून वीज जातच नाही, फक्त उजेड जातो. म्हणून कुठलीही ऑप्टिकल लावा, त्या वायरीतून फिरणारा करंट तुटतो. गुण ऑप्टिकलचा होता, किमतीचा नव्हता. आणि माणूस भजन ऐकायला बसलाय, त्याला एवढ्या साध्या गोष्टीसाठी साडेपाच हजारांना घालायचं, याचा मला मनापासून राग येतो. तेवढ्या पैशात आधी घराचं अर्थिंग बघून घ्या. त्यानं जीवही वाचतो.

एका दादांनी लिहिलंय, "तुम्हाला कान नाहीत, मला फरक स्पष्ट ऐकू येतो." दादा, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. महागाची वस्तू समोर दिसत असली की कान तसंच ऐकतो, माझाही. म्हणून घरातल्या कोणाला तरी वायर बदलायला बसवा, मध्ये चादर धरा, आवाजाचं बटण हलवू नका. कधी बदलायची, कधी नुसतं बदलल्यासारखं करायचं, ते त्यांना ठरवू द्या. दहा वेळा ऐका, कुठली वायर ते कागदावर लिहा आणि मग ताळा करा. मी हे केलंय. शिवाय दोन्ही वायरींतून आलेलं गाणं कॉम्प्युटरवर डिजिटलच रेकॉर्ड करून एकातून दुसरं वजा केलं. खाली काही उरलं नाही, सरळ रेघ.

दुसरी कॉमेंट अभ्यासू आहे: "आकडे बरोबर येतील, पण वेळेवर येतील का?" जिटर म्हणतात तो हाच. प्रश्न खरा आहे. पण वेळ सांभाळायचं काम डॅकमधल्या, म्हणजे आकड्यांचा परत आवाज करणाऱ्या यंत्रातल्या, घड्याळाचं. असिंक्रोनस यूएसबी डॅक तर स्वतःच्याच घड्याळावर चालतो. घड्याळ चांगलं हवं असेल तर डॅकवर खर्च करा.

वायरीवर थोडे जास्त पैसे कुठं घालायचे, तर लांब एचडीएमआयवर. हिंगोलीच्या एका काकांनी प्रोजेक्टरला बारा मीटरची साधी वायर टाकली, आता फोर-के लावलं की पडदा काळा होतोय. एवढ्या लांबीला साधी तांब्याची वायर कमी पडते, फायबरवाली घ्या. आणि 48 गिगाबिटची, म्हणजे अल्ट्रा हाय स्पीड घेत असाल तर खोक्यावरचा सर्टिफिकेटचा क्यूआर कोड स्कॅन करून बघा. कोॲक्सियल घेताना 75 ओहमची मागा. स्पीकरच्या वायरीचं गणित वेगळं. ती अ‍ॅनालॉग, म्हणजे तिच्यातून आकडे नाही, आवाजाचीच वीज जाते, तिथं जाडी लागते, तिची या व्हिडिओशी गल्लत करू नका.

ऑप्टिकल लावली आणि आवाजच नाही, असं झालं तर दोन गोष्टी बघा. टोकावर ही बारीक पारदर्शक टोपी असते, ती काढली का? नखानं ओढली की निघते. पारदर्शक असल्यामुळं भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट "पीसीएम", म्हणजे साधे, न गुंडाळलेले आकडे, करा. जुन्या अ‍ॅम्पला किंवा साध्या डॅकला डॉल्बी उलगडता येत नाही आणि माणूस वायरीला दोष देऊन नवी आणायला बाजारात जातो. वायर भिंतीला टेकवून काटकोनात मोडू नका, आत दोरा आहे.

अंबाजोगाईच्या ताई, तुमच्या टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. एआरसी लिहिलेला एचडीएमआय, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारं भोक, असेल आणि साउंडबारलाही असेल, तर साउंडबारच्या खोक्यात वायर आली का ते बघा. आली असेल तर तीच लावा.