केसपेपरवर लिहिलं कंबरदुखी

(हर्णै बंदर, संध्याकाळचा लिलाव)

बोटी आल्या की इथे बैलगाड्या पाण्यात शिरतात, मासळी भरून वाळूवर येतात आणि लिलावाला तोंड फुटतं. भाव असो, उधारी असो, भांडण असो, बंदरावर सगळं मोठ्यानं चालतं. काही दुखणी मात्र कानातच सांगायची. गरमी, म्हणजे सिफिलिस. परमा, म्हणजे गनोरिया. बायका म्हणतात, "अंगावरून जातंय."

(केसपेपरची खिडकी)

किनाऱ्यावरच्या एका दवाखान्यात आम्ही रांगेशेजारी उभे होतो. कॅमेरा बंद होता. एका बाईचा नंबर आला. खिडकीतून आवाज आला, "काय होतंय?" मागे आठ-दहा माणसं, त्यात तिच्याच वाडीतली दोघं. ती खालमानेनं म्हणाली, "कंबर दुखताय." केसपेपरवर कंबरदुखी लिहिलं गेलं, कंबरदुखीच्या गोळ्या मिळाल्या.

बाहेर आल्यावर गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंपाशी तिचा बांध फुटला. वर्षभर पांढरं जातंय, खाजेनं रात्र रात्र झोप नाही. "मागं सांगितलं होतं ओ ताई. तर सगळ्यांदेखत विचारलं, नवरा कुठं असतो गं तुझा? नि तू?"

नवरा बोटीवर असतो. आणि पांढरं जाण्याचं कारण प्रत्येक वेळी लैंगिक संसर्ग नसतंच. पुष्कळदा ती नुसती बुरशी असते. मधुमेह असला, बाई गरोदर असली, तरी होते. तपासण्याआधीच तिच्या चारित्र्याचा निकाल लागला, याची आम्हाला चीड येते.

समजा, संसर्ग असला तरी काय? सिफिलिस सुरुवातीलाच सापडला तर एका वेळच्या पेनिसिलिननं बरा होतो. दडवला तर पोटातलं बाळ दगावू शकतं. परम्यावर उपचार झाले नाहीत तर गर्भनलिका बंद होऊ शकतात. मग तिलाच वांझ म्हणायला गाव मोकळं. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये या आजारांची औषधं फुकट मिळतात. राखाडी, हिरवी, पांढरी, निळी, लाल, पिवळी, काळी, अशी लक्षणांप्रमाणे सात रंगांची पाकिटं. औषधाला तोटा नाही. माणूस अडतो तो खिडकीपाशी.

(मुरूडचा किनारा)

हर्णैला लागूनच मुरूड, संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांचं मूळ गाव. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, ज्यावर बोलायची चोरी होती ते छापलं, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ साली कोर्टात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्याच पंचक्रोशीत आजही बाई कंबरेचं नाव पुढे करते.

(बंद दार)

आशाताई तिला पुन्हा आत घेऊन गेल्या. या खेपेला डॉक्टर मॅडमनी आधी दार लावून घेतलं, खुर्ची जवळ ओढली. "हे मी सगळ्यांनाच विचारते हां," म्हणाल्या, आणि मगच विचारलं. तपासून झाल्यावर हातात हिरवं पाकीट ठेवलं, अंगावरून जाण्यावरचं.

"मालकांना काही त्रास?"

"काय म्हायती. एक जूनला मासेमारी बंद झाली की घरी येतील. तेव्हा पाठवते. दार लावाल ना?"